चौथं कडवं

अंधेरी,
४ ऑगस्ट २०२४

प्रिय पेपीमावशी,

पत्र आलं म्हणजे काहीतरी बिनसलंय हे तुला कळलंच असेल. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मेसेजचा फोन घे म्हटलं तर "माझं बोट बघून तो पळतो" म्हणतेस, म्हणून बसले बाई कागद घेऊन. आधी ते लाल पेन बाजूला ठेव. चुका काढून पत्र परत पाठवलंस तर गोराईच्या खाडीत उडी मारीन. छत्तीस वर्षांची आहे मी, तुझ्या चौथी-ब मधली पोरगी नाही.

चौदा महिने झाले मावशी, एक गाणं लिहिलेलं नाही. एकही नाही. सकाळी गिटार घेऊन बसते, दोन ओळी लिहिते, वाचते, आणि वाटतं कुणीतरी माझ्याच अक्षरात माझी टर उडवलीय. खोडते. मग भांडी घासते. माझ्या घरातली भांडी इतकी चकचकीत कधीच नव्हती. पोटासाठी जाहिराती लिहिते. परवा प्रेशर कुकरची लिहिली, "शिट्टी वाजे, सासू लाजे." हे मी लिहिलंय यार! आणि त्यांना इतकं आवडलं की टाळ्या वाजवल्या. घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले.

आता खरी गोष्ट. जूनमध्ये माझ्या मैत्रिणीच्या, श्रुतिकाच्या लग्नाला टेबलावर ठेका धरून मी तुझं ते उंबराच्या पाण्याचं गाणं म्हटलं. सहज, गंमत म्हणून. कुणीतरी त्याचा व्हिडिओ केला आणि तो गावभर फिरला. आठ लाख लोकांनी बघितला. बारा वर्षं मी स्वतःची गाणी गातेय, तेव्हा ऐकायला कोण होतं? मम्मी, आणि कानाला यंत्र लावून तू. आणि ज्यात माझं एक अक्षर नाही त्या गाण्यावर लोक म्हणतात, यव्होन, काय लिहितेस गं! डोकं सटकतं.

ज्याच्याकडे मी जाहिराती करते तो हर्षद एका वेब सिरीजला संगीत देतोय. त्याला हे गाणं लग्नाच्या सीनला हवंय. त्याला सगळं समजवावं लागलं, की लग्नाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही बँड लावून बावीवर जातो, नवरीच्या आंघोळीचं पाणी, म्हणजे उंबराचं पाणी, शेंदून आणतो, तेव्हा बायका हे म्हणतात. तो म्हणाला, "झकास. पण तीन कडव्यांत नवरी घराबाहेरच पडत नाही. चौथं कुठाय?" तू नेहमी सांगायचीस की चौथं होतं पण लोक विसरले. कोण म्हणायचं ते? कुणाला तरी आठवत असेलच ना? पंधरा डिसेंबरला रेकॉर्डिंग आहे. नाही मिळालं तर गिटार माळ्यावर टाकून लुईसअंकलच्या ट्रॅव्हल ऑफिसात नोकरी धरणार. ठरवलंय मी. तिकिटं काढायला निदान कल्पना लागत नाही.

तुझी यव्होन


गोराई,
१३ ऑगस्ट २०२४

यव्होनला आशीर्वाद.

तुझ्या पत्रात अकरा चुका होत्या. परत पाठवत नाही, पण होत्या.

भांडी घासतेस हे चांगलं आहे. तुझ्या वयात मी वाल सोलायचे. त्याने गाणं येत नाही, पण वाल सोलून होतात.

गाणं माझ्या आजीचं. तिच्याकडे ते कुठून आलं मला ठाऊक नाही. चौथं कडवं लोक विसरले, एवढंच. विसरलेलं उकरायला जाऊ नकोस, उगाच वणवण होईल. तीन पुरे आहेत. दुसऱ्यात तू "भिजला"च्या जागी "भरला" म्हणतेस असं ॲड्रियन म्हणाला, म्हणून लिहून पाठवते.

उंबराच्या पाण्याला जाऊ गो बाय,
बावीला आमच्या तळ काय नाय.

कळशी भरली, दोर भिजला,
आयेचा हात का थरथरला?

बापूस म्हणतो, डोळ्यांत धूर,
चुलीपासून तो उभा दूर.

ॲड्रियन म्हणजे आपला शेजारचा, बँकेतला. त्यानेच मला त्याच्या फोनवर तुला दाखवलं. यंत्रातून गाणं म्हणजे डब्यात खडे हलवल्यासारखं ऐकू येतं, त्यामुळे मी तुझं तोंड बघत बसले. दुसऱ्या कडव्याला तू डोळे मिटलेस. का मिटलेस? तिथे मिटायचे नसतात. तिथे आईच्या हाताकडे बघायचं असतं.

गाण्याखाली नाव कुणाचं घातलंस ते कळव.

पेपीमावशी


अंधेरी,
१ सप्टेंबर २०२४

प्रिय पेपीमावशी,

नावाची काळजी करू नकोस. मी काही चोर नाही. खाली स्पष्ट लिहिलंय, "पारंपरिक. गोराईच्या बायकांचं गाणं." हर्षद म्हणत होता तुझंच नाव टाक, कोण विचारतंय. मी भांडले त्याच्याशी. म्हटलं ज्यात माझा घाम नाही त्याच्यावर माझं नाव नको. खूश ना?

तू नको म्हणालीस तरी मी वणवण केलीच. वर्सोव्याला प्रेमाताईंकडे गेले, आपल्याकडे मासळी घेऊन यायच्या त्या. त्यांनी चहा पाजला, सुकट दिली बांधून, कडवं नाही. मनोरीला एका म्हातारीने अगदी डोळे मिटून चौथं कडवं म्हटलं, मी रेकॉर्ड केलं, नाचत नाचत होडीत बसले. घरी येऊन ऐकलं तर ते वेगळ्याच गाण्याचं निघालं. शेजारच्याच कुलाव्यातली दुसरी म्हणे, चौथं इतकं सुंदर होतं की सगळ्या रडायच्या. म्हटलं मग म्हणा ना! तर म्हणे, रडणं आठवतंय, शब्द नाही. बोंबला.

मग मी स्वतःच लिहायला बसले. जुन्यासारखं दिसेल असं. बावीस वेळा लिहिलं. बावीसही कुकरच्या जाहिराती. नवरी निघाली, डोळे पाणावले, अंगण सुनं झालं. शी! ते तिसरं कडवं बघ ना, बापूस म्हणतो डोळ्यांत धूर आणि चुलीपासून उभा दूर. रडला असं कुठे म्हटलंयच नाही. कसं सुचलं असेल?

खरं सांगू? ज्या बाईने हे केलं तिचा मला राग येतो. तिला कसली डेडलाइन, कसला हर्षद? पाणी शेंदता शेंदता आलं असेल तोंडात, सहज. तिला कधी कोऱ्या कागदाकडे बघत बसावं लागलं नसेल. स्वतःला मूर्ख समजून रात्रंदिवस कुढावं लागलं नसेल. सगळं आयतं. आणि इथे मी, दोन ओळींसाठी जिवाची वाट लावून घेतलेली. मेली असेल बिचारी सुखाने.

तुझी यव्होन


गोराई,
९ सप्टेंबर २०२४

यव्होन,

सहज आलं असेल हे तुला कुणी सांगितलं?

माहीत नसलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये. मी तुला लहानपणी हे शिकवलं नव्हतं.

लुईसकडे नोकरी धर. त्याचं ऑफिस मरोळला आहे, तुला जवळ पडेल. वेळेवर घरी येशील, जेवशील. गाण्याने कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. हर्षदला सांग तीन कडव्यांत काय ते भागव, नाहीतर नको म्हण.

गुडघे दुखतात, जास्त लिहीत नाही.

पर्पेच्युआ


अंधेरी,
४ ऑक्टोबर २०२४

प्रिय मावशी,

पर्पेच्युआ? अख्खं नाव? मी पालिकेचं पाणी खातं आहे का?

तीन आठवडे उत्तर दिलं नाही, कारण जे लिहिणार होते ते टाकण्याच्या लायकीचं नव्हतं. जगात सगळ्यांनी म्हणून झालं होतं, "नोकरी धर गं." मम्मीने, लुईसअंकलने, घरमालकाने. तू एकटी उरली होतीस. सातवीत असताना मी मासळीवर कविता केली होती, सगळे हसले, तू त्यातली एक ओळ खोडलीस आणि म्हणालीस, बाकी राहू दे, हे तुझं आहे. त्या एका वाक्यावर मी चोवीस वर्षं काढलीत मावशी. आणि आता तूच म्हणतेस गाण्याने कुणाचं भलं होत नाही. फार लागलं मला.

बरं, ऐकलं तुझं. एक नोव्हेंबरपासून ऑफिसात जातेय. लुईसअंकल खूश आहेत, मला खुर्ची दाखवून झाली, चाकाची आहे.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. ज्या तीन म्हाताऱ्यांकडे गेले त्या तिघींना विचारलं होतं की हे गाणं पहिल्यांदा कुठे ऐकलं. वेगवेगळ्या गावांतल्या बायका, एकमेकींना ओळखत नाहीत, आणि तिघी एकच सांगतात. जेनेव्हिव्हच्या उंबराच्या पाण्याला. म्हणजे माझ्या मम्मीच्या! काल मम्मीला विचारलं. ती म्हणाली, "हो, पेपीनेच सगळ्यांना शिकवलं. आजीचं होतं म्हणे. पण आजीच्या तोंडून मी नाही बाई ऐकलं कधी."

आता मला कळलं तू का लपवतेस. चौथं कडवं चावट आहे ना? पहिल्या रात्रीबद्दल वगैरे? फादरांनी बंद करायला लावलं असेल, आणि तू शाळेतली बाई, तुझ्या तोंडून निघत नाहीये. सांग बिनधास्त. मी लाजणार नाही, हर्षद तर मुळीच नाही.

यव्होन


गोराई,
२२ ऑक्टोबर २०२४

यव्होनला,

चावट नाही. मूर्ख मुली, चावट असतं तर कुणी विसरलं असतं का?

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलंय. ॲड्रियन दोनदा विचारून गेला, मावशी, पोस्टात टाकायचं आहे का काही. म्हणून आता एका दमात लिहिते.

गाणं आजीचं नाही. माझं आहे.

शहात्तर साली शेजारच्या फ्लोरीच्या लग्नाला मी एक गाणं रचलं होतं. तेव्हा मी चोवीस वर्षांची, शाळेत नवी लागलेली. बावीवर उभी राहून म्हटलं. बायकांनी ऐकून घेतलं, एकजण म्हणाली, "बाईंनी कविता म्हटली," आणि सगळ्या हसून जुन्या गाण्याकडे वळल्या. कुणी वाईट नव्हतं गं. पण मी केलेलं आहे म्हटल्यावर ते त्यांच्या तोंडात बसेना. मी घरी येऊन वही चुलीत घातली.

एकोणऐंशीला तुझ्या आईचं लग्न ठरलं. मी पुन्हा रचायला बसले, न रचून राहवेना. या वेळी म्हटलं, हे आमच्या आजीचं आहे. आजी वारून दोन वर्षं झाली होती, ती काय सांगायला येणार? तासाभरात सगळ्यांना पाठ झालं. बँडवाल्यांनी सूर धरला. फ्लोरीची आई मला म्हणाली, "बघ, याला म्हणतात गाणं. तुम्हा शिकलेल्यांना जमायचं नाही." त्या संध्याकाळी मला किती आनंद झाला आणि किती राग आला, हे सांगायला पंचेचाळीस वर्षांत मला कुणी मिळालं नाही. फक्त आईने ओळखलं. दुसऱ्या कडव्याला तिने माझ्याकडे पाहिलं आणि हात पदराखाली घेतला.

आणि सहज म्हणतेस! धुराच्या त्या दोन ओळींना अकरा दिवस लागले. सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा समोर, आणि मी पोरांच्या उत्तरपत्रिकेच्या मागे "धूर, दूर, धूर, दूर" लिहीत बसलेली. मुख्याध्यापकांनी पाहिलं तेव्हा म्हटलं, शुद्धलेखन आहे.

आता चौथं. ते विसरलं गेलेलं नाही, ते कधी आलंच नाही. पहिलं बावीचं, दुसरं आईचं, तिसरं बापाचं. चौथं मागे राहणाऱ्या बहिणीचं असणार, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण लिहायला घेतलं की हात थांबायचा. बायका आधीच कुजबुजत होत्या, मोठी बिनलग्नाची बसली आणि धाकटी उठली. मी जेनेव्हिव्हवर जळत नव्हते. थोडी जळत होते. ते कडव्यात उतरलं असतं तर सगळ्यांनी ओळखलं असतं की गाणं कुणाचं आहे. म्हणून सांगून टाकलं, चौथं लोक विसरले. पुढच्या लग्नाला तेच, त्याच्या पुढच्या लग्नाला तेच. आता लोकच मला सांगतात, चौथं होतं, फार सुंदर होतं, आमची आजी म्हणायची. मी मान हलवते.

दोनशे पानी वही आहे, नुसती चौथ्या कडव्याची. तुझी बावीस झाली म्हणून रडतेस? माझी मोजलेली नाहीत. त्या संध्याकाळी झालं इतकंच, की पाणी भरून सगळ्या बँडमागे निघून गेल्या. बावीचा दोर कुणीतरी गुंडाळायला हवा, तो मी ओढून गुंडाळला. मग घरी जाऊन लग्नाच्या जेवणाचे कांदे चिरले. एवढंच. त्यात काय लिहायचं? पण दर वर्षी बसते आणि दर वर्षी उठते.

तू "पारंपरिक" लिहिलंस तेव्हा तुझी काही चूक नव्हती. मीच तसं सांगितलं होतं. पण ते पत्र वाचून दोन दिवस मला जेवण गेलं नाही. आणि मग तुला नोकरी धर म्हणून लिहिलं, ते तुझ्यासाठी नव्हतं. रागाने लिहिलं. चुकलं माझं.

पेपीमावशी


अंधेरी,
५ नोव्हेंबर २०२४

प्रिय मावशी,

आधी भांडते, मग बाकीचं.

मनोरीच्या होडीत उलटी केली मी! कुलाव्याला कुत्रा मागे लागला! आणि तू गोराईत बसून मान हलवत होतीस! बारा वर्षं मी समजतेय की घरात मी एकटीच अशी वेडी निपजले, सगळी सरळ माणसं आणि मधेच हा एक बिघडलेला नग. आणि तू वही घेऊन बसली होतीस, खाडीच्या पलीकडे. एकदा तरी सांगायचंस ना गं. निदान दोघी मिळून कुढलो असतो.

भांडून झालं. तुझं पत्र मी ऑफिसच्या बाथरूममध्ये वाचलं, इतकी रडले की लुईसअंकलनी दार ठोठावून विचारलं, "काय झालं, कुणाचं तिकीट चुकलं का?" हो, जाते मी ऑफिसात. चार दिवसांत सात लोकांना कोचीला पाठवलं. कंटाळ्याने जीव जातोय.

हर्षदला फोन केला. म्हटलं, गाणं पारंपरिक नाही, माझ्या मावशीचं आहे, तिचं नाव लागेल. तो म्हणाला, "अगं, पारंपरिकच राहू दे ना, त्यात वजन आहे. मावशीचं म्हटलं की मजा जाते." तुझ्या बावीवरच्या बायकांसारखंच बोलला बघ, शब्दाला शब्द! मी म्हटलं, मग गाणं मिळणार नाही. त्याने फोन ठेवला. अजून उलट आला नाही. येईल की नाही माहीत नाही. तुला न विचारता केलं, पण मला पर्वा नाही.

आणि कोचीच्या एका तिकिटामागे हे लिहिलं. तेविसावं. तुझा दोर घेतलाय, विचारलं नाही.

बहीण ओढते रिकामा दोर,
पाण्यात दिसते दुसरी पोर.

आता काढ लाल पेन.

तुझी यव्होन


गोराई,
१६ नोव्हेंबर २०२४

यव्होनला,

काढलं.

पहिली ओळ चांगली आहे. इतकी चांगली की मला तुझा राग आला. तो दोर पंचेचाळीस वर्षं माझ्याच हातात होता आणि तो रिकामा आहे हे मला दिसलं नाही. तुला एका पत्रात दिसलं.

दुसरी ओळ खोटी आहे. सुंदर आहे, म्हणून तुला खरी वाटली. मी पाण्यात बिण्यात पाहिलं नाही. कोण पाहतं? दिवस कलला होता, आणि मला जाऊन कांदे चिरायचे होते. पोतंभर. मी अंगणात बसून चिरत होते आणि येणारी जाणारी प्रत्येक बाई म्हणत होती, "पेपी, कांदे तिखट आहेत गं यंदा." मी म्हणत होते, हो ना.

हे वरचं वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं. उठले, पाणी प्यायले, पुन्हा येऊन बसले.

बहीण ओढते रिकामा दोर,
कांद्यांचं पोतं तिच्या समोर.

पंचेचाळीस वर्षं, यव्होन! आणि कांदे! मी चंद्र आणून पाहिला, समुद्र आणून पाहिला, एकदा तर देवदूत आणला होता. आणि हे माझ्या सुपात पडलेलं होतं. इतका संताप झाला की वही उचलून भिंतीवर मारली. मग यंत्र काढून ठेवलं आणि चारही कडवी मोठ्याने म्हटली. मला ऐकू आली नाहीत, पण ॲड्रियन दारात आला. मला वाटलं, काही पडलं का म्हणून आला असेल. तो तिथेच उभा राहिला, शेवटपर्यंत. मग म्हणाला, मावशी, चौथं सापडलं? मी म्हटलं, सापडलं नाही रे, केलं.

हर्षदचा फोन आला तर ठीक, नाही आला तर जानेवारीत ॲड्रियनच्या मुलीचं लग्न आहे, बाव अजून आहे, तिथे तू म्हण. त्याच्यासाठी लुईसकडून सुट्टी आत्ताच मागून ठेव. आणि नोकरीवर बसून तिकिटांच्या मागे लिहीत जा, मीही उत्तरपत्रिकांच्या मागेच लिहीत होते.

तो "पारंपरिक" शब्द आजच्या आज खोड. तिथे लिही, पर्पेच्युआ घोन्साल्विस आणि यव्होन. माझं नाव आधी, आडनावासकट. साडेतीन कडवी माझी आहेत.

पेपीमावशी